काळ्या पाषाणातले पाणी आणि त्याचे समीकरण

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात मशिदीपुढे जे मोठे हौद आहेत, ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातले. उन्हाळ्यात पाण्याचे हाल सुरू झाले की शहागंजचा हौद रहिवाशांना आधार देतो, अशी नोंद खाफी खानाने आपल्या इतिहासात केली आहे. त्या काळी शहराची पाणीव्यवस्था नहरींवर चालत असे. मलिक अंबरने खडकी वसवली आणि सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर-ए-अंबरी बांधली. पुढे पाणचक्कीची नहर आणि थत्ते नहर यांसारख्या आणखी नहरी झाल्या. डोंगराच्या पोटात झिरपणारे पाणी भुयारी मार्गात गोळा करायचे आणि नुसत्या उताराने शहरात आणायचे, ही त्यांमागची कल्पना. तलाव नाही, धरण नाही. ज्या खडकात सलग पाण्याचा साठा नसतो, त्याच खडकावर सगळी भिस्त होती.

या नहरी खोदणाऱ्या कारागिरांना जो प्रश्न पडला असेल, तोच आज बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला आणि भूजल खात्यातल्या अभियंत्यालाही पडतो. खडकातले पाणी कुठून कुठे जाते, किती वेगाने जाते, आणि एका जागी उपसा केला तर शेजारच्या विहिरीचे काय होते? गणिताने या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत आंशिक अवकल समीकरणाचे रूप दिले. त्या समीकरणाचा सिद्धांत कुठवर आला, संगणकावर ते सोडवण्याच्या पद्धती किती भरवशाच्या आहेत, आणि मराठवाड्याच्या बेसॉल्टवर ते लागू करताना तज्ज्ञांमध्ये कोणते मतभेद उरले आहेत, याचा हा आढावा आहे.

समीकरण कसे घडले

सुरुवात फ्रान्समधल्या दीजों शहरात झाली. तिथल्या सार्वजनिक पाणीपुरवठ्यावर हेन्री दार्सीने १८५६ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या परिशिष्टात वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून केलेले प्रयोग आहेत. दोन टोकांच्या पाणीपातळीत जितका फरक जास्त तितका प्रवाह जास्त, आणि टोकांमधले अंतर जितके मोठे तितका तो कमी, हा दार्सीचा नियम. त्याला साध्या जमाखर्चाची जोड द्यायची: जमिनीच्या एखाद्या तुकड्यात आलेले पाणी वजा गेलेले पाणी म्हणजे तिथे साठलेले पाणी. या दोन विधानांतून समीकरण तयार होते. त्यातली अज्ञात राशी म्हणजे पाण्याची पातळी. ती जागेनुसार बदलते आणि वेळेनुसारही, म्हणून दोन्ही प्रकारचे बदल एकाच समीकरणात येतात. खडकाचे गुणधर्म त्यात दोन आकड्यांनी शिरतात. पाणी किती सहज वाहू शकते, ती वहनक्षमता. पातळी एक मीटरने उतरली तर किती पाणी मोकळे होते, तो साठवणांक.

पाणीपातळी स्थिर झालेली असेल तर हे समीकरण लाप्लासच्या समीकरणाच्या कुळात जाते, म्हणजे विवृत्तीय प्रकारात. पातळी काळानुसार बदलत असेल तर ते उष्णतेच्या समीकरणाच्या जवळचे, अन्वस्तीय. तिसरा प्रकार लाटांचा, अपास्तीय. तोही छत्रपती संभाजीनगरच्या परिचयाचा आहे. पैठणहून येणाऱ्या लोखंडी जलवाहिनीत पंप अचानक बंद पडला की दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर वेगाने धावते. सेकंदाला एक मीटर वेगाचा प्रवाह एका झटक्यात थांबला, तर जवळपास १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका जादा दाब निर्माण होतो. युकोव्स्कीने हे १८९८ मध्येच दाखवले. जलवाहिनीच्या या गणितावर आज फारसा वाद नाही. वाद आहे तो जमिनीखाली.

१९३५ मध्ये न्यू मेक्सिकोत काम करणाऱ्या चार्ल्स थाइसने विहिरीच्या उपशाचे सूत्र दिले. ते सरळ उष्णतावहनाच्या गणितातून उचलले होते. तापत्या पत्र्यात उष्णता पसरावी तसा विहिरीभोवती पातळीतला उतार पसरतो, हे साम्य त्याने ओळखले. पण त्यासाठी त्याने थर अमर्याद आणि एकजिनसी मानला, आणि विहीर सुईसारखी बारीक. मराठवाड्यातली विहीर वीस-तीस फूट रुंद असते. मोटर सुरू केली की पहिले काही तास विहिरीतलेच साठलेले पाणी उपसले जाते, खडकाकडून काही येत असेल तर ते नंतर. या रुंद विहिरींसाठीचे सूत्र पापादोपुलोस आणि कूपर यांनी १९६७ मध्ये दिले. आपला शेतकरी मोटर किती तास चालली आणि विहीर पुन्हा किती तासांत भरली हे सांगतो, तेव्हा तो या सूत्राला हवी असलेली माहितीच देत असतो. ती टिपून घेणारे मात्र थोडे.

समीकरणाचा कायद्याशी कसा संबंध येतो, हेही पाहण्यासारखे आहे. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, असा निर्बंध महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने घातला. हा आकडा थाइसच्या गणिताशी ताडून पाहू. उदाहरणादाखल वहनक्षमता दिवसाला ५० चौरस मीटर आणि साठवणांक ०.०२ धरला, तर ९० दिवसांच्या उपशाचा जाणवण्याजोगा परिणाम सुमारे ७०० मीटरपर्यंत पोचतो. वहनक्षमता तीच ठेवली, पण पाणी दाबाखालच्या भेगांमधले आहे असे धरून साठवणांक ०.०००५ घेतला, तर तोच परिणाम साडेचार किलोमीटरवर जातो. समीकरण तेच, उपशाचे दिवसही तेच. फरक पडला तो फक्त खडकाविषयीच्या एका आकड्याने. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या मतभेदांचे मूळ इथे आहे.

सिद्धांत काय सांगतो

एखादा प्रश्न सुस्थित केव्हा म्हणायचा, याच्या तीन कसोट्या जाक आदामार यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी घालून दिल्या. उत्तर असले पाहिजे, एकच असले पाहिजे, आणि माहितीत थोडी चूक झाली तर उत्तरातही थोडीच चूक व्हावी. खडकाचे गुणधर्म सगळीकडे हळूहळू बदलत असतील, तर भूजलाचे समीकरण या कसोट्यांना सहज उतरते. पण बेसॉल्टमध्ये ते हळूहळू बदलत नाहीत. हातभर अंतरावर सच्छिद्र मुरूम संपून एकसंध काळा पाषाण लागतो आणि वहनक्षमता हजारपट खाली येते. अशा उड्या असताना समीकरणाला अर्थ उरतो का?

याचे उत्तर १९५७-५८ मध्ये मिळाले. इटलीत एन्नियो दे जॉर्जी आणि अमेरिकेत जॉन नॅश यांनी ते एकमेकांच्या कामाची माहिती नसताना सिद्ध केले. गुणांक कितीही खडबडीत असले, तरी ते वर-खाली ठराविक मर्यादेत असतील, तर उत्तर सलगच राहते. खडक उडी मारतो, पण पाण्याची पातळी उडी मारत नाही. नॅशचे नाव सर्वसामान्य वाचकाला खेळाच्या सिद्धांतामुळे माहीत असते. माझ्या मते त्याचे हे काम निदान तितक्याच तोलाचे आहे, आणि आपल्या जमिनीच्या तर ते थेट कामाचे आहे.

दुसरी मोठी भर समांगीकरणाच्या सिद्धांताची. बारीकसारीक भेदांनी भरलेल्या माध्यमाऐवजी दुरून तसेच वागणारे एक सरासरी माध्यम घेता येते का, हा त्याचा प्रश्न. स्पान्योलो, दे जॉर्जी, म्युरा आणि तार्तार यांनी १९७० च्या आसपास त्याचा पाया घातला. भारतात टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात या विषयाची परंपरा उभी राहिली. सिद्धांताचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला अटी आहेत. भेद फार लहान प्रमाणावरचे हवेत, आणि त्यांच्यात काही नियमितपणा हवा. शिवाय ती सरासरी साधी बेरीज-भागाकाराची नसते.

खरी अडचण आणखी एका ठिकाणी आहे. उघड्या भूजलथरात पाणी वाहते त्या थराची जाडी म्हणजेच पाण्याची पातळी. पातळी उतरली की वाहण्याची क्षमताही उतरते, आणि समीकरण अरेषीय होते. बूसिनेस्कने ते १९०४ पर्यंत मांडले होते. जिथे पाणी संपते तिथे गुणांक शून्य होतो आणि समीकरणाचा प्रकारच मोडतो. दे जॉर्जी आणि नॅश यांचे आश्वासन इथे थेट लागू पडत नाही, कारण गुणांकाची खालची मर्यादाच नाहीशी झालेली असते. बारेनब्लाटने १९५२ मध्ये अशा समीकरणाची जी उत्तरे दिली, त्यांत ओल्या आणि कोरड्या भागांमध्ये स्पष्ट कड असते आणि ती मर्यादित वेगाने सरकते. त्या कडेवर नेहमीच्या अर्थाने अवकलन करता येत नाही, म्हणून उत्तराची व्याख्याच सैल करावी लागते. एकजिनसी माध्यमासाठी हा सिद्धांत आता पक्का झाला आहे. पण कोरडी कड आणि उड्या मारणारा खडक एकत्र आले, की गणितज्ञ अजूनही जपून बोलतात. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत नेमके हे दोन्ही एकत्र येते.

आकडेमोडीची बाजू

कागदावर सूत्र मिळते ते मोजक्या सोप्या प्रकरणांत. बाकी सगळीकडे जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात पाण्याचा जमाखर्च मांडायचा. लुईस रिचर्डसनने १९१० मध्ये दगडी धरणातील ताण या रीतीने काढले. १९२८ मध्ये कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी दाखवले, की चौकोन बारीक केले म्हणून उत्तर आपोआप सुधारत नाही, काळाचे पाऊलही त्या प्रमाणात लहान हवे.

हे जवळून पाहू. पूर्वीचेच आकडे घेऊन १०० मीटरचे चौकोन पाडले आणि आजच्या पातळीवरून थेट उद्याची पातळी काढली, तर एका दिवसाहून मोठे पाऊल टाकता येत नाही. टाकले तर उत्तर वर-खाली उसळू लागते आणि चार-दोन पावलांत विहिरीची पातळी आभाळात पोचते. चौकोन ५० मीटरचे केले, तर पाऊल सहा तासांवर येते. चौकोन चौपट, पावले चौपट, म्हणजे काम सोळापट. क्रँक आणि निकल्सन यांची १९४७ ची पद्धत, किंवा उद्याच्या सगळ्या पातळ्या एकदम अज्ञात धरणारी पद्धत वापरली, तर हे बंधन सुटते. मोबदल्यात प्रत्येक पावलाला हजारो समीकरणांचा संच सोडवावा लागतो. लॅक्स आणि रिख्टमायर यांच्या १९५६ च्या प्रमेयाने रेषीय समीकरणांपुरता या चर्चेचा शेवट केला. पद्धत मूळ समीकरणाशी सुसंगत असेल आणि स्थिर असेल, तर ती खऱ्या उत्तराकडे जाते, आणि स्थिर नसेल तर जात नाही.

चौकोन पाडण्याच्या तीन रीती रूढ आहेत. फायनाइट डिफरन्स सोपी, पण वेड्यावाकड्या सीमेशी तिचे जमत नाही. फायनाइट एलिमेंट सीमेप्रमाणे वाकते आणि तिच्यामागे भक्कम सिद्धांत आहे. फायनाइट व्हॉल्यूम प्रत्येक चौकोनात पाण्याचा थेंबन् थेंब हिशेबात ठेवते. या तिसऱ्या रीतीच्या प्रसारात एका मराठी माणसाचा फार मोठा वाटा आहे. सुहास पाटणकर पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन आयआयटी मुंबईत आणि तिथून लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तिथे ब्रायन स्पाल्डिंग यांच्यासोबत त्यांनी १९७२ मध्ये प्रवाहांच्या गणनेची ‘सिंपल’ ही पद्धत मांडली. पुढे ते मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाले, आणि १९८० च्या त्यांच्या पुस्तकावर जगभरच्या अभियंत्यांच्या पिढ्या शिकल्या.

त्या पुस्तकातला एक मुद्दा तर बेसॉल्टसाठीच सांगितल्यासारखा आहे. शेजारच्या दोन चौकोनांत वेगवेगळा खडक असेल, तर त्यांच्या सीमेवर कोणता गुणांक घ्यायचा? एकात १० आणि दुसऱ्यात ०.१ असेल, तर साधी सरासरी ५.०५ येते. पाटणकरांचा आग्रह हरात्मक सरासरीचा. ती येते सुमारे ०.२. दोन उत्तरांत पंचवीसपट फरक पडला. खरे उत्तर दुसरेच, कारण पाणी एकामागून एक अशा दोन खडकांतून जाते तेव्हा वेग ठरवतो तो अडवणारा खडक. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या आणि आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ‘मॉडफ्लो’ प्रणालीतही मूळ रीत हीच आहे.

मॉडफ्लोच्या जुन्या आवृत्त्या चौकोन कोरडा पडला की तो हिशेबातूनच काढून टाकत. पावसाळ्यानंतर त्यात पुन्हा पाणी आणणे जिकिरीचे होई आणि गणना अडकून बसे. २०११ मध्ये न्यूटनच्या रीतीवर आधारलेली आवृत्ती आली, तेव्हा ही अडचण बरीच कमी झाली. सिद्धांतातला गुणांक शून्य होण्याचा प्रश्न संगणकात असा समोर येतो.

खडकाविषयीचे पक्ष

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हाचे थर एकावर एक पसरले. साधारणपणे थराचा वरचा भाग सच्छिद्र आणि झिजलेला असतो, खालचा घट्ट, आणि काही थरांच्या मध्ये तांबड्या गेरूची पट्टी. पाणी मुरमात, सच्छिद्र भागात, सांध्यांत आणि दोन थरांच्या जोडावर सापडते. भेग नसलेल्या घट्ट पाषाणात ते जवळपास नसतेच. एका बांधावरचे बोअर धो धो चालते आणि पन्नास पावलांवरचे फुफाटा उडवते, त्याचे कारण हे.

या खडकाला समीकरणात कसे बसवायचे, यावर मते वेगळी आहेत. पहिला पक्ष म्हणतो, की पाणलोट क्षेत्राएवढा विस्तार घेतला तर भेगांचे वैचित्र्य सरासरीत विरून जाते. वरचा झिजलेला थर आणि खालचा भेगाळ थर असे दोन-तीन सलग थर धरले, की नियोजनापुरते उत्तर मिळते. समांगीकरणाचा सिद्धांत या पक्षाच्या बाजूने आहे, मात्र वर सांगितलेल्या अटींसह.

दुसरा पक्ष दुहेरी सच्छिद्रतेचा. बारेनब्लाट, झेल्तोव आणि कोचिना यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली. भेगांत पाणी झपाट्याने वाहते, आजूबाजूच्या खडकात ते सावकाश मुरते आणि सावकाश बाहेर येते. म्हणून एकाच जागी दोन पातळ्या धरायच्या आणि त्यांच्यातल्या देवघेवीचे वेगळे पद घालायचे. विहिरीची पातळी आधी झटकन उतरते, मग काही काळ रेंगाळते आणि पुन्हा उतरते, या अनुभवाशी हे जुळते. पण देवघेवीचा गुणांक मोजायचा कसा, याला सोपे उत्तर नाही.

तिसऱ्या पक्षाला एकेक भेग वेगळी हवी. भेगेतून वाहणारे पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असते. रुंदी दुप्पट झाली की प्रवाह आठपट. मग दोन-चार मोठ्या भेगाच सगळे पाणी वाहून नेत असतील, तर सरासरीला काय अर्थ, असे हे विचारतात. युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच, की भेगांचा नकाशा कुणाकडेच नसतो. एखादा बोगदा किंवा धरणाचा पाया यांसारख्या लहान जागी ही रीत चालते, तालुक्याला पुरत नाही.

चौथा पक्ष समीकरणच बाजूला ठेवतो. सरकारी भूजल मूल्यांकन मुख्यतः पातळीतल्या चढउतारावर चालते. पावसाळ्यात पातळी किती वाढली, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले साठवणांक. झिजलेल्या, सांधेयुक्त बेसॉल्टसाठी हा अंक २ टक्के धरण्याची शिफारस आहे, आणि १ ते ३ टक्के अशी मर्यादा दिलेली आहे. पद्धत पारदर्शक आहे, गावकऱ्यांनाही समजते, आणि थोड्या माहितीवर चालते. पण दोन्ही टोकांच्या अंकांतून निघणाऱ्या उत्तरांत तिपटीचा फरक पडतो, आणि पाणी एका गावाखालून दुसऱ्या गावाखाली गेले तर ते या हिशेबाला नीट दिसत नाही.

अलीकडे पाचवा आवाज आला आहे. २०१९ मध्ये राइसी, पर्डिकारिस आणि कार्नियाडाकिस यांनी न्यूरल नेटवर्कला समीकरणच अट म्हणून घालण्याची रीत पुढे आणली, आणि पाठोपाठ समीकरणाचे उत्तर शिकून घेणारी जाळी आली. वेगाचे दावे मोठे होते. मॅकग्रीव्ही आणि हकीम यांनी २०२४ मध्ये दाखवले, की द्रवगतीच्या समीकरणांबाबत यांतले बरेच दावे कमकुवत जुन्या पद्धतींशी तुलना करून केले होते. याचा अर्थ ही दिशा चुकीची असा नव्हे. विखुरलेल्या मोजमापांवरून खडकाचे गुणांक शोधण्याच्या कामात तिच्याकडून आशा आहे. पण अचूकतेची जशी हमी फायनाइट एलिमेंटला आहे, तशी हिला अजून मिळालेली नाही.

काय सुटलेले नाही

सर्वांत मोठा न सुटलेला प्रश्न उलट दिशेचा आहे. खडक माहीत असेल तर पातळी काढता येते. आपल्याला मात्र पातळी थोडीफार माहीत असते आणि खडक शोधायचा असतो. हा प्रश्न आदामारच्या कसोट्यांना उतरत नाही. जिथे पातळी सपाट आहे तिथे वहनक्षमता कितीही धरली तरी चालते, आणि एकाच निरीक्षणांशी जुळणारे अनेक वेगवेगळे खडक निघतात. यावरूनच कोनिको आणि ब्रेडहॉफ्ट यांनी १९९२ मध्ये म्हटले, की भूजलाचे प्रारूप खरे ठरवता येत नाही, फार तर खोटे ठरवता येते. नेओमी ओरेस्केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांनी पृथ्वीविज्ञानातल्या सगळ्याच प्रारूपांबद्दल तसाच सावध सूर लावला. दुसऱ्या बाजूचे उत्तरही रास्त आहे. प्रारूप भविष्य सांगण्यासाठी नसते, दोन पर्यायांपैकी कोणता कमी धोक्याचा हे ठरवण्यासाठी असते. त्यासाठी एक उत्तर न देता शक्य उत्तरांचा पट्टा द्यावा, असा कल आता वाढतो आहे.

बेसॉल्टमध्ये सरासरी घेण्याजोगे किमान क्षेत्रफळ असते का, आणि असल्यास केवढे, हेही ठरलेले नाही. खोल बोअरच्या भेगांना वरून पाणी मिळते का आणि किती वर्षांनी, हा प्रश्न तर त्याहून अंधारात आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला वेगळे काढले, ते या अनिश्चिततेकडे पाहता शहाणपणाचे वाटते.

माझे मत असे, की समीकरण आणि ते सोडवण्याचे तंत्र आज आपल्या माहितीच्या कितीतरी पुढे आहे. चौकोन शंभर मीटरवरून दहा मीटरवर आणल्याने मराठवाड्याच्या भूजलाबद्दल काही नवे कळणार नाही. विहिरी अधिक आणि वारंवार मोजल्याने कळेल. बहुतेक सरकारी निरीक्षण विहिरी वर्षातून मोजक्या वेळाच मोजल्या जातात. उपसा सुरू असताना पातळी तासागणिक कशी बदलते, हे त्यांतून दिसू शकत नाही. बोअर घेताना कोणत्या खोलीवर मुरूम संपला, गेरू कुठे लागला, पाणी कुठे लागले, हे मशीनवाल्याला त्या दिवशी माहीत असते आणि दुसऱ्या दिवशी विसरले जाते. नहर-ए-अंबरीचे जे भाग अजून वाहतात, त्यांतला प्रवाह दर महिन्याला मोजला, तर चारशे वर्षे टिकलेले एक भुयार डोंगरातल्या झिरपणीचे मोजमाप होऊन बसेल. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

तेव्हा ज्या वाचकांकडे विहीर आहे त्यांना विनंती, की दोरीला वजन बांधून दर आठवड्याला एका ठराविक दिवशी, मोटर सुरू करण्यापूर्वी, पाण्याची खोली मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. नवे बोअर घेतले तर कोणत्या फुटाला काय लागले, तेही त्याच दिवशी लिहून ठेवा, आणि त्या वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या.